बोर्ड आऊट झाल्यावर ‘मी फौजेत होतो’ हे कसं सांगायचं

माझं ट्रेनिंग पूर्ण झालं नाही. खुब्यापाशी मांडीच्या हाडाला स्ट्रेस फ्रॅक्चर झालं, ऑपरेशन करून स्क्रू घातले, काही महिने मिलिटरी हॉस्पिटलात गेले आणि मेडिकल बोर्डाने, म्हणजे तब्येत तपासून नोकरीत ठेवायचं की नाही ते ठरवणाऱ्या लष्करी डॉक्टरांच्या मंडळाने, कसम परेडच्या (ट्रेनिंगच्या शेवटी शपथ घ्यायच्या संचलनाच्या) आधीच मला सिव्हिलमध्ये पाठवलं. गोळी चालवली ती रेंजवर, समोर टार्गेट होतं, शत्रू नव्हता. त्यामुळे ‘तुम्ही फौजी ना?’ असं कुणी विचारलं की हो म्हणताना चोरी केल्यासारखं वाटायचं आणि नाही म्हणताना स्वतःचंच काहीतरी टाकून दिल्यासारखं. ज्यांची अशीच गत झाली आहे, किंवा जे बोर्डाची तारीख लागून आत्ता वॉर्डातल्या खाटेवर पडून आहेत, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे.

आधी एक वाक्य बसवा

आपण मोघम बोलतो, तिथून सगळा त्रास सुरू होतो. ‘होतो थोडे दिवस’, ‘तसा आर्मीतच होतो’ असं म्हटलं की उरलेलं ऐकणारा आपल्या मनाने जोडतो. कुणी आपल्याला थेट सीमेवर नेऊन उभं करतो, कुणाला वाटतं पळून आला असेल. मग तो पुढे काय विचारेल याची धास्ती आपल्यालाच.

म्हणून एक पक्कं वाक्य बसवायचं. कुठे होतो, काय म्हणून होतो, कुठपर्यंत पोचलो आणि का आलो, एवढं त्यात हवं. माझं असं आहे: ‘मी पायदळाच्या रेजिमेंटल सेंटरमध्ये रिक्रूट होतो. ट्रेनिंगमध्ये खुब्याचं हाड मोडलं, मेडिकल बोर्डावर बाहेर आलो. कसम परेड झाली नाही.’

हे कागदावर लिहा आणि मोठ्याने म्हणा. ‘फक्त’, ‘नुसता’, ‘जेमतेम’ हे शब्द आले असतील तर खोडा. शेवटचा तुकडा मात्र गाळू नका. कसम परेड झाली नाही हे सांगायला पहिल्यांदा जीभ अडखळते, पण ते आपण होऊन सांगून टाकलं की उघडं पडण्यासारखं काही शिल्लक राहत नाही. मग पहिला भागही पूर्ण आवाजात सांगता येतो.

‘बॉर्डरवर होतात का?’ हा प्रश्न येणारच. ‘नाही, ट्रेनिंगमध्येच होतो’ इतकंच उत्तर द्यायचं आणि थांबायचं. त्यापुढे कारणं देत बसायचं नाही, हॉस्पिटलची कहाणी नाही, ‘नाहीतर मी आज काश्मीरला असतो’ हेही नाही. समोरचा गप्प झाला तर होऊ द्या.

कोणत्या मापाने मोजताय ते पाहा

‘लढाई पाहिली तोच सैनिक’ हे माप आपण कुठून घेतलं कोण जाणे, फौजा स्वतः ते वापरत नाहीत. ब्रिटनमध्ये सैन्यात एक दिवस नोकरी केलेली व्यक्तीही सरकारी व्याख्येनुसार व्हेटरन ठरते. कॅनडात मूलभूत प्रशिक्षण पूर्ण करून सन्मानाने बाहेर पडलेला माजी सैनिक गणला जातो. अमेरिकेच्या कायद्यात प्रत्यक्ष सेवा आणि बेइज्जतीने काढलेलं नसणं या अटी आहेत, युद्धाची अट नाही. आपल्याकडची माजी सैनिकाची व्याख्या अधिक काटेकोर आहे. तरी सेवेमुळे झालेल्या आजाराने किंवा इजेने सोडलेला आणि मेडिकल किंवा अपंगत्व पेन्शन मिळणारा जवान तिच्यात येतो, आणि अशी पेन्शन मिळालेला रिक्रूटही येतो. गोळी चालवली का, हा प्रश्न तिथेही नाही.

ज्या फौजेत आपण गेलो तिच्यातले कितीतरी लोक रसद पोचवतात, गाड्या दुरुस्त करतात, वायरलेस सांभाळतात, जखमींना शुद्धीवर आणतात. पूर्ण नोकरी करून, एकही लढाई न पाहता निवृत्त झालेले सुभेदार आहेत आणि त्यांना कुणी अर्धवट फौजी म्हणत नाही. 1998 ला भरती झालेल्या पोराच्या वाट्याला 1999 चा कारगिलचा उन्हाळा येऊ शकला. दोन वर्षांनी भरती झालेल्याच्या वाट्याला तो आला नाही. सेंटरच्या गेटमधून आत जाताना दोघांनी देऊ केलं ते एकच होतं. पुढे काय वाढून ठेवलंय हे दोघांनाही ठाऊक नव्हतं.

जे लढले त्यांच्या आणि आपल्यात फरक आहे. त्यांनी जे पाहिलं, ज्यांना खांद्यावरून खाली आणलं, ते ओझं आपल्यावर नाही. हा फरक मी कधीच पुसणार नाही. पण त्यांचं मोठेपण मान्य करायला आपलं शून्य करावं लागत नाही. तुम्ही देह सरकारच्या हवाली केला होता, पहाटे शिट्टी वाजली की उठत होतात आणि रगडा (शिक्षेची कसरत) लागला तरी फॉल-इनमध्ये, रांगेत, उभे राहत होतात. हे घडलेलं आहे. ते परत घ्यायची सोय कुणाकडेच नाही.

‘मी कच्चा निघालो’ या विचाराचं काय करायचं

यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला, कारण हा विचार रात्री येतो आणि वाद घालू देत नाही. मला उपयोग झाला तो माझी इजा नीट समजून घेण्याचा.

1855 मध्ये ब्राइटहाउप्ट नावाच्या प्रशियन लष्करी डॉक्टरने कूच करणाऱ्या शिपायांच्या पायांना येणारी सूज आणि वेदना नोंदवून ठेवली. क्ष-किरण 1895 मध्ये सापडले आणि त्यानंतर कळलं की त्या पायांतली हाडं मोडलेली असत. त्याला आजही मार्च फ्रॅक्चर म्हणतात. म्हणजे या दुखण्याला नावच शिपायांच्या चालण्यावरून मिळालं. हाडावर अचानक रोजचा ताण वाढला की शरीर आधी जुनं हाड खरवडून काढतं आणि मग नवं, भक्कम हाड घालतं. या दोन्हींच्या मध्ये काही आठवडे हाड नाजूक असतं. रस्त्याचा जुना थर उखडलेला आहे, नवा पडायचाय आणि वाहतूक मात्र चालूच आहे, तसं. त्याच आठवड्यांत आपण पाठीवर वजन घेऊन धावत असतो. कुणाचं हाड तग धरतं, कुणाचं नाही. हिमतीचा यात संबंध असलाच तर उलटा आहे: दुखतंय हे न सांगता पळत राहणाऱ्यांचं हाड जास्त मोडतं. जांघेत दुखत असताना धावणं तर फार धोक्याचं, खुब्याचं हाड जागेवरून सरकू शकतं. ट्रेनिंगला निघालेला कुणी हे वाचत असेल तर त्याने एवढं लक्षात ठेवावं आणि वेळेवर सिक रिपोर्ट करावा, म्हणजे आजारी असल्याचं सांगून डॉक्टरकडे जावं.

प्रत्येकाचं हाडच मोडलेलं नसतं. कुणाचे कान गेले, कुणाला फिट आली, कुणाला दमा निघाला, आणि कुणाचं मन मोडलं. मनाच्या आजारावर बाहेर आलेल्यांना तर कारण सांगायचीही चोरी होते. फौजेची मेडिकल कॅटेगरी ‘शेप’ या पाच अक्षरांवर ठरते: एस म्हणजे मानसिक स्थिती, एच म्हणजे श्रवण, ए म्हणजे हातपाय, पी म्हणजे एकूण शारीरिक क्षमता, ई म्हणजे दृष्टी. एस त्यात पहिलंच आहे. बोर्डाच्या लेखी मनही शरीराइतकंच तपासायचं अंग आहे, तर आपणही त्याची वेगळी लाज धरू नये. ज्यांना कारण सांगायचं नसेल त्यांनी ‘मेडिकल बोर्डावर बाहेर आलो’ इथे वाक्य संपवावं. खरेपणाला त्याने बाध येत नाही.

कागद सांभाळा, पण त्यांच्याकडून मान मागू नका

डिस्चार्जचे कागद, बोर्डाची प्रोसीडिंग्ज आणि हॉस्पिटलची प्रत्येक स्लिप एका फायलीत लावा आणि सगळ्याच्या प्रती काढा. बोर्डाने इजा ‘सेवेमुळे झालेली’ किंवा ‘सेवेमुळे वाढलेली’ लिहिली आहे की दोन्ही नाकारलं आहे, हे सगळ्यात आधी पाहा. पेन्शन त्यावर ठरते. नाकारलं असेल तर अपील करता येतं आणि पुढे सशस्त्र दल न्यायाधिकरण आहे. धरमवीर सिंग खटल्यात 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर माणूस धडधाकट होता असं धरायचं आणि उलट सिद्ध करायची जबाबदारी सरकारची. 2023 मध्ये नियम नव्याने आले, त्यामुळे आपला बोर्ड कोणत्या नियमांत बसतो ते जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात किंवा या कामातल्या वकिलाकडे जाऊन विचारा.

2022 पासून अग्निवीर म्हणून गेलेल्यांचं गणित वेगळं आहे. तिथे पेन्शन नाही. सेवेमुळे आलेल्या अपंगत्वाला 50, 75 किंवा 100 टक्क्यांनुसार अनुक्रमे 15, 25 किंवा 44 लाख रुपये एकरकमी मिळतात. अकादमीतून मेडिकल बोर्डावर बाहेर आलेल्या ऑफिसर कॅडेट्सना तर वर्षानुवर्षं माजी सैनिकांत धरलंच जात नव्हतं. ऑगस्ट 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या हालांची आपण होऊन दखल घेतली.

माझ्या कागदावर ‘सेवेमुळे वाढलेली’ असं लिहून आलं. त्या दिवशी बरं वाटलं, पण ‘आपण फौजी म्हणवून घ्यायच्या लायकीचे आहोत का’ हा प्रश्न दुसऱ्या दिवशी जागच्या जागी होता. ज्यांना नकार आला त्यांनाही हेच सांगतो. तो कागद पैशाचा आणि सवलतींचा निवाडा करतो. हक्कासाठी जरूर भांडा, फक्त मनाचा निकाल त्या खटल्याला बांधून ठेवू नका. खटले फार लांबतात.

काय ठेवायचं, काय सोडायचं

वर्दी घालून फिरायचं नाही. लोकांनी सैनिक समजावं या हेतूने सैनिकाचा वेष किंवा चिन्ह वापरणं भारतीय न्याय संहितेच्या कलम 168 खाली गुन्हा आहे, आणि गुन्हा नसता तरी मी घातली नसती. बाकी आपलं आहे ते आपलंच: रिक्रूटचा नंबर, प्लाटूनचा फोटो, झिजलेले बूट. ते ट्रंकेच्या तळाशी दडवू नका. कुणी माजी सैनिक म्हणून सत्काराला बोलावलं तर स्टेजवर जाण्याआधी बोलावणाऱ्याला आपलं ते वाक्य सांगा. त्यानंतरही त्याने बोलावलं तर ताठ मानेने जा.

बॅचमेट्सचा ग्रुप सोडायची इच्छा होते. त्यांच्या पासिंग आऊटचे फोटो येतात तो आठवडा फार वाईट जातो. फोन काही दिवस बाजूला ठेवलात तरी चालेल, पण ग्रुप सोडू नका. माझ्या प्लाटूनच्या हजेरीचं काम माझ्याकडे असायचं. पुढे कधीतरी एकाने उंचावरच्या पोस्टवरून जुना फोटो टाकला आणि मागच्या रांगेत कोण कोण आहे म्हणून विचारलं. नंबरासकट सगळी नावं मला एकट्याला सांगता आली. तेव्हापासून असं काही अडलं की ते मलाच फोन करतात. फौजेतलं तुमचं असं एखादं काम नक्की असेल. कुणाचे केस तुम्ही कापत होतात, कुणाला रायफल खोलायला शिकवत होतात. ते आठवून काढा आणि त्याच धाग्याने त्यांच्याशी बोला. त्यांनाही बाहेरच्या जगात आपली भाषा कळणारं कुणीतरी हवंच असतं.

एक धोका सांगून ठेवतो. स्वतःला सिद्ध करायला मोडलेल्या अंगावर पुन्हा जोर काढणारे मी पाहिले आहेत, डॉक्टरने मना केलेलं असताना रोज पहाटे रनिंग. तसं करू नका. शिस्तीची भूक असेल तर ती वेळेवर उठण्यात, फिजिओच्या कंटाळवाण्या व्यायामात, हाती घेतलेलं काम पुरं करण्यात भागवा. आणि जगणंच नकोसं वाटायला लागलं तर त्याच क्षणी कुणाला तरी सांगा. टेली मानस या सरकारी सेवेचा 14416 हा नंबर रात्रंदिवस चालू असतो, मराठीतही बोलता येतं.

घरच्यांनी ‘बरं झालं, जीव तरी वाचला’ म्हणू नये. ते मायेने म्हणतात हे कळतं, पण आपण ज्यासाठी निघालो होतो तेच त्यात नकोसं ठरतं. त्यापेक्षा तिथे काय काय शिकलास, सोबत कोण होतं, उस्ताद कसे होते, असं विचारावं आणि पुरं ऐकून घ्यावं.

नोकरीच्या अर्जात तो काळ रिकामा सोडू नका. अनुभवाच्या रकान्यात लिहा: ‘भारतीय सेना, रिक्रूट, अमुक महिना ते अमुक महिना, वैद्यकीय कारणाने सेवामुक्त.’ खाली शिकलेलं लिहा: ड्रिल, शस्त्र हाताळणी, प्रथमोपचार, नकाशा वाचन, जे प्रत्यक्ष शिकलात तेवढंच. ‘माजी सैनिक’ या आरक्षणाच्या चौकटीत खूण मात्र जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात खात्री करून, तसा कागद हातात असेल तरच करा. मुलाखतीत त्या ओळीवर बोट ठेवून कुणी विचारलं की तुमचं वाक्य तयार आहे.