शेजारच्या नगरपरिषदेचा कचरा डेपो पाहायला जाण्यापूर्वी

फेब्रुवारी २०१८ मध्ये शहराचा कचरा डेपो जिथे होता त्या नारेगावच्या ग्रामस्थांनी कचऱ्याच्या गाड्या अडवल्या आणि तेव्हाच्या औरंगाबाद शहरात रस्तोरस्ती ढीग साचले. वर्षानुवर्षे एकाच जागी कचरा नेऊन टाकणे म्हणजे व्यवस्थापन नव्हे, हे त्या कचराकोंडीने मराठवाड्यातल्या प्रत्येक नगरपरिषदेला दाखवून दिले. आपल्यावर ती वेळ येण्याआधी शेजारच्या गावाकडून शिकून घ्यावे, असे वाटणाऱ्या मुख्याधिकाऱ्यांसाठी आणि आरोग्य विभागासाठी या सूचना आहेत.

अभ्यासदौरा म्हटला की पदाधिकाऱ्यांची गाडी, सत्कार, जेवण आणि परतीच्या वाटेवर देवदर्शन, अशी आपल्याकडची रीत आहे. तिला माझी हरकत नाही. मात्र त्या गाडीत स्वच्छता निरीक्षक, एक मुकादम आणि घंटागाडीवरची एक तरी कर्मचारी असलीच पाहिजे, कारण ओला-सुका कचरा वेगळा देण्यावरून दारात जी हुज्जत होते ती तिलाच ठाऊक असते आणि यजमान गावातल्या तिच्यासारख्याच बाईला नेमके काय विचारायचे हेही तिलाच कळते.

भेटीचा दिवस आठवडी बाजाराच्या दुसऱ्या दिवशीचा ठरवावा. त्या दिवशी पालेभाजीचे देठ, सडके टोमॅटो आणि केळीचे घड यांचा भार सर्वांत जास्त असतो आणि व्यवस्थेचा खरा कस लागतो. सादरीकरण शेवटी पाहावे. आधी प्रक्रियेनंतर उरलेल्या निरुपयोगी कचऱ्याचा ढीग कुठे आहे ते विचारावे. तो ढीग प्रवेशद्वारापासून जितका लांब, तितके प्रश्न अधिक विचारावेत.

दुसऱ्याची पद्धत उचलताना हवामान विसरू नये. वेंगुर्ला नगरपरिषदेने सुक्या कचऱ्याचे वीसहून अधिक प्रकारांत वर्गीकरण करून नाव कमावले. ती शिस्त जशीच्या तशी घेण्यासारखी आहे. खताचे मात्र तसे नाही. कोकणात ढिगाला पावसापासून जपावे लागते, तर आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत ढीग वाळून कोरडाठाक होतो, आतले जिवाणू थंडावतात आणि दोन महिन्यांनी उकरले तर भाजी ओळखता येईल अशी सुकलेली सापडते. म्हणून आपल्या भागात ढीग छपराखाली किंवा हिरव्या जाळीखाली रचावा, त्याच्यावर जुनी पोती टाकावीत आणि शिंपडण्यासाठी पिण्याचे पाणी न वापरता सांडपाणी शुद्धीकरणातून निघालेले पाणी किंवा शेणकाला वापरावा. ओल्या कचऱ्याच्या थरांमध्ये सोयाबीनचे भुसकट किंवा बारीक केलेली पऱ्हाटी (कापसाची वाळलेली झाडे) घातल्यास हवा खेळती राहते आणि घाण वास येत नाही.

ओल तपासायला यंत्र लागत नाही. ढिगाच्या आतला मूठभर माल आवळावा. हाताला ओल लागली पाहिजे, पण बोटांतून पाणी गळता कामा नये. उष्णतेसाठी लोखंडी सळई मधोमध खुपसून दहा मिनिटांनी काढावी आणि तिच्या टोकाला हात लावून पाहावा. ढिगाच्या पोटात ५५ ते ६० अंश सेल्सिअस तापमान असेल, तर सळई हातात धरवत नाही. ती कोमट लागली तर ढीग उलटावा, कोरडा असल्यास पाणी मारावे. मुकादमाने हे यजमान गावात स्वतःच्या हाताने करून पाहावे, नुसते पाहून येऊ नये.

परतल्यावर आठ दिवसांत एक पानी टिपण लिहावे. यशाच्या चार ओळी पुरेत. अधिक जागा फसलेल्या गोष्टींना द्यावी. एका नगरपरिषदेत मी कचरा बारीक करणारे श्रेडर यंत्र ताडपत्रीखाली गंजताना पाहिले. प्लास्टिकच्या पिशव्या पात्यांत गुंतून ते बंद पडले होते आणि पाती बदलण्याची तरतूद कुणी केलीच नव्हती. यजमानांनी हे आपण होऊन सांगावे असे वाटत असेल, तर आपलेही असेच एखादे यंत्र त्यांना आधी सांगावे.

नवी पद्धत संपूर्ण शहरात एकदम सुरू न करता एकाच प्रभागात तीन महिने चालवावी. रोज किती गाड्या आल्या, किती किलो ओला कचरा निघाला आणि त्यात किती प्लास्टिक सापडले, हे साध्या वहीत लिहावे. वजनकाटा नसेल तर जवळच्या मोंढ्यातला (धान्यबाजारातला) काटा वापरावा. तीन महिन्यांनी ज्यांच्याकडून शिकलो त्यांच्या निरीक्षकाला आणि मुकादमाला आपल्या गावी बोलवावे, वही त्यांच्यापुढे ठेवावी आणि सळई त्यांच्याच हातात द्यावी.