हक्क आहेत, पण ते तोंडानं सांगावे लागतात

मंडळाच्या गणपतीत अमेरिकेत नव्यानं आलेली मुलं भेटली की प्रश्न ठरलेले असतात. भाजके पोहे कुठे मिळतात, गाडी नवी घ्यावी की वापरलेली, क्रेडिट स्कोअर कसा वाढवायचा. ही उत्तरं कोणीही देईल. पोलिस, झडती, कोर्ट हा विषय मात्र कोणी काढत नाही. "आपण कशाला त्या भानगडीत पडतोय?" हा आपला नेहमीचा सूर. मग कधीतरी रात्री उशिरा फोन येतो, "काका, मित्राला पोलिसांनी नेलंय, काय करू?" तोपर्यंत मित्रानं सगळं सांगून, सही करून टाकलेलं असतं. म्हणून हे आधीच सांगतोय. मी वकील नाही. इथं न्यू जर्सीत बरीच वर्षं काढलीत आणि असे फोन घेतलेत, एवढाच माझा अधिकार.

पहिला गैरसमज व्हिसाचा. "आपण एच-वन-बीवर, आपल्याला कसले हक्क? पाहुण्यानं पाहुण्यासारखं राहावं." चांगलं वागावं हे खरं, पण हक्क नाहीत हे खोटं. 1868 च्या चौदाव्या घटनादुरुस्तीनं कायद्याचं समान संरक्षण 'व्यक्ती'ला दिलंय, फक्त नागरिकाला नव्हे. भारताच्या घटनेतही कलम 19 नागरिकांपुरतं आहे आणि 21 कोणत्याही व्यक्तीसाठी, तसाच हा प्रकार. इथं हा मुद्दा पक्का झाला तो सॅन फ्रान्सिस्कोच्या एका चिनी लाँड्रीवाल्यामुळे. लाकडी इमारतीत लाँड्री चालवायची तर परवाना हवा, असा नियम त्या शहरानं केला होता. वाचायला अगदी निर्दोष. पण दोनशेच्या आसपास चिन्यांचे अर्ज आले ते सगळे फेटाळले आणि बाकीच्यांपैकी एक सोडून सगळ्यांना परवाने मिळाले. 1886 मध्ये, यिक वो विरुद्ध हॉपकिन्स या खटल्यात, सुप्रीम कोर्टानं एकमतानं सांगितलं की परदेशी माणसालाही हे संरक्षण आहे आणि कायदा कागदावर सरळ असून भागत नाही, तो राबवलाही सरळच गेला पाहिजे.

तरी कोर्टाला देव्हाऱ्यात बसवू नका. 1923 मध्ये याच कोर्टानं भगतसिंग थिंड यांना, अमेरिकेच्या सैन्यात नोकरी केलेल्या माणसाला, 'गोरा' नाही म्हणून नागरिकत्व नाकारलं. त्यांचे वकील होते सखाराम गणेश पंडित. निकालानंतर सरकार आधीच नागरिक झालेल्या भारतीय लोकांच्या मागे लागलं, त्यात पंडितही आले. स्वतःची केस ते नेटानं लढले आणि 1926 मध्ये अपील कोर्टात त्यांचं नागरिकत्व टिकलं. बाकीच्यांना नागरिकत्वाचं दार उघडायला 1946 उजाडावं लागलं, आणि तेही कोर्टानं नाही, काँग्रेसनं, म्हणजे इथल्या संसदेनं, कायदा करून उघडलं. कोर्ट पाठीशी उभं राहील की नाही हे दरवेळी नव्यानं ठरतं. पण तुम्ही आपणहून हक्क सोडून दिला असेल, तर ठरवायला काही उरतच नाही.

आता रोजच्या आयुष्याकडे. पोलिसाशी पहिली गाठ बहुधा हायवेवर पडते. आरशात लाल-निळे दिवे दिसले की सिग्नल देऊन उजवीकडे थांबा. आपल्याकडची सवय म्हणजे खाली उतरून, हात जोडून साहेबांकडे चालत जायचं. इथं हे अजिबात करू नका. गाडीतच बसा, काच खाली करा, रात्र असेल तर आतला दिवा लावा, दोन्ही हात स्टिअरिंगवर दिसतील असे ठेवा. गाडीची रजिस्ट्रेशन आणि इन्शुरन्सची कागदं समोरच्या कप्प्यात असतील तर हात घालण्याआधी सांगा की कागदं काढतोय. इथं कोणाच्याही कमरेला पिस्तूल असू शकतं, या हिशेबानंच पोलिस गाडीजवळ येत असतो. उतरा म्हणाला तर उतरा, 1977 पासून तो अधिकार त्याला आहे. चिरीमिरीचा विचार स्वप्नातही नको. 'काही जुळवून घेता येईल का' एवढं हसत विचारणंही इथं गुन्ह्यात जाऊ शकतं.

पण याच वेळी एक प्रश्न येतो, अगदी सहज, गप्पांच्या ओघात: "माइंड इफ आय टेक अ लुक?" गाडीत जरा बघू का? आपल्या तोंडून आपसूक "शुअर, ऑफिसर" निघतं. आपण काही लपवलेलं नाही, मग नाही कशाला म्हणायचं? घोळ इथंच होतो. चौथी घटनादुरुस्ती विनाकारण झडतीपासून वाचवते, पण तुम्ही हो म्हणालात की ती बाजूला होते. आणि तुम्हाला नाही म्हणता येतं हे सांगायला पोलिस बांधलेला नाही, हेही सुप्रीम कोर्टानंच 1973 मध्ये ठरवलंय. मागच्या सीटवर मित्राचा मित्र बसलाय, त्याच्या सॅकमध्ये काय आहे हे तुम्हाला ठाऊक आहे का? म्हणून शांतपणे, आवाज न चढवता म्हणा: "ऑफिसर, आय डोन्ट कन्सेंट टू अ सर्च." तरीही त्यानं झडती घेतली तर अडवू नका, हात लावू नका. तुमचा नकार नोंदला गेला, पुढचं वकील बघेल. तिकीट, म्हणजे दंडाची पावती, हातात आलं की विचारा, "ॲम आय फ्री टू गो?" तिकिटाचं काम आटोपल्यावर कुत्र्याकडून गाडी हुंगवण्यासाठी सात-आठ मिनिटं जास्त थांबवून ठेवणंसुद्धा बेकायदा, असा नेब्रास्कातल्या एका केसमध्ये 2015 साली निकाल लागलाय.

फोनचंही तसंच. अटक केली तरी फोन उघडून बघायला वॉरंट लागतं, असं 2014 मध्ये रायली खटल्यात सगळ्या न्यायाधीशांनी एकमुखानं सांगितलं. अर्थात तुम्हीच अनलॉक करून "बघा हवं तर" म्हणालात, तर विषय संपला.

टीव्ही बघून अनेकांना वाटतं की पोलिसानं अटक करताना 'यू हॅव द राइट टू रिमेन सायलेंट' म्हटलं नाही तर केस पडते. तसं नाही. 1966 च्या मिरांडा निकालाचा अर्थ एवढाच, की ताब्यात घेऊन चौकशी करायची असेल तर आधी हे हक्क सांगा, नाहीतर तो जबाब खटल्यात सरकारला तुमच्याविरुद्ध सहसा वापरता येणार नाही. बाकी पुरावा असेल तर केस चालते. ज्या आरोपीच्या केसमुळे हा निकाल आला, त्या खुद्द मिरांडावर पुन्हा खटला चालला आणि त्याला शिक्षाही झाली.

आणि 'मौनं सर्वार्थसाधनम्' हे इथं पुरत नाही. मिशिगनमधल्या एका संशयिताला हक्क वाचून दाखवले, तो जवळजवळ पावणेतीन तास गप्प बसला. मग पोलिसानं विचारलं, देवावर विश्वास आहे का, प्रार्थना करतोस का, त्या मुलाला गोळी घातल्याबद्दल देवाकडे क्षमा मागतोस का. तो "हो" म्हणाला. तो एक शब्द पुराव्यात गेला. 2010 मध्ये सुप्रीम कोर्टानं पाच विरुद्ध चार मतांनी म्हटलं, की गप्प राहायचं असेल तर गप्प राहतोय हे बोलून सांगायला हवं होतं. मला स्वतःला हा निकाल पटत नाही, पण कायदा आज तोच आहे. तेव्हा वाक्य पाठ करा: "आय विल रिमेन सायलेंट. आय वॉन्ट अ लॉयर." आणि मग खरंच गप्प बसा. थोडं सांगून टाकू म्हणजे लवकर सोडतील, हा हिशेब चुकतोच. खोटं तर मुळीच बोलू नका. फेडरल, म्हणजे केंद्र सरकारच्या, अधिकाऱ्याशी महत्त्वाच्या बाबतीत जाणूनबुजून खोटं बोलणं हा स्वतंत्र गुन्हा आहे, पाच वर्षांपर्यंत कैद. गप्प बसणं गुन्हा नाही.

घराच्या दाराची गोष्ट आई-बाबांना समजावून सांगा. तुम्ही ऑफिसात असता, ते सहा महिन्यांसाठी आलेले असतात, दारावर टकटक होते, बाहेर गणवेश दिसतो. बाबा दार सताड उघडून म्हणतात, "कम, कम, सिट." आई चहाचं आधण ठेवते. पाहुणचार झाला आणि घरात यायची परवानगीही दिली गेली. घरात शिरून अटक करायची तर साधारणपणे न्यायाधीशाचं वॉरंट लागतं, हे 1980 पासून ठरलेलं आहे. म्हणून दार न उघडता आतूनच विचारायचं, वॉरंट आहे का, असेल तर दाराखालून सरकवा. कागदावर सही कोणाची आहे ते बघायचं. न्यायाधीशाची असेल तर गोष्ट वेगळी. इमिग्रेशन खात्याचं वॉरंट त्यांच्याच अधिकाऱ्यानं सही केलेलं असतं, त्याच्या जोरावर परवानगीवाचून घरात येता येत नाही. आतून कोणी ओरडतंय, जिवाला धोका आहे, अशा वेळी मात्र पोलिस कशासाठीही थांबत नाहीत.

याच ओघात भगिनींना सांगतो. घरात मारहाण होत असेल तर व्हिसा नवऱ्याच्या नावावर आहे म्हणून सोसत बसू नका. 911 या आणीबाणीच्या नंबरला फोन करा. न्यू जर्सीत अंगावर इजेची खूण दिसली तर पोलिसांना मारणाऱ्याला अटक करावीच लागते. गुन्ह्याला बळी पडून तपासाला मदत करणाऱ्यांसाठी यू व्हिसा असतो, तो नवऱ्याच्या मर्जीवर नाही. 'मानवी' ही संस्था आपल्या दक्षिण आशियाई बायकांसाठी 1985 पासून याच राज्यात काम करते आहे.

मुलांसाठी आणखी एक. सेल्फ-चेकआउटला चार वस्तू स्कॅन न करता पिशवीत टाकायच्या, पकडलं तर "सॉरी, पैसे भरतो" म्हणायचं, असं करणारी हुशार पोरं मी पाहिलीत. हा गुन्हा नोंदला जातो आणि इमिग्रेशनच्या लेखी चोरी ही अनैतिक गुन्ह्यांत मोडते. फौजदारी केसमध्ये तुरुंगवास संभवत असेल आणि वकील परवडत नसेल तर सरकारनं द्यायचा, हा हक्क फ्लोरिडाच्या तुरुंगातून पेन्सिलीनं अर्ज लिहिणाऱ्या गिडियनमुळे 1963 मध्ये पक्का झाला. पण तो वकील दिवसाला किती केसेस हाताळतो कोणास ठाऊक. तो म्हणेल, गुन्हा कबूल कर, थोडा दंड भर, घरी जा. नागरिकाला हे परवडतं, तुम्हाला नाही. 2010 च्या पॅडिया खटल्यात हेच घडलं होतं. चाळीस वर्षं ग्रीन कार्डावर राहिलेला, व्हिएतनाम युद्धात गेलेला ट्रकवाला. वकील म्हणाला, इतकी वर्षं इथं आहेस, काळजी नको. कबुली दिली आणि देशाबाहेर काढायची नोटीस आली. कबुलीचा इमिग्रेशनवर काय परिणाम होईल हे बचावाच्या वकिलानं सांगायलाच हवं, असं कोर्टानं तेव्हापासून घालून दिलं. तरी तुम्ही स्वतः विचारा आणि इमिग्रेशनच्या वकिलाला दाखवल्याशिवाय कबुली देऊ नका. रेकॉर्ड पुसून घेतलं तरी व्हिसाचा फॉर्म विचारतोच, कधी अटक झाली होती का.

परदेशातून येताना विमानतळावर यातलं बरंच गळून पडतं. तिथं वॉरंटशिवाय बॅग, फोन तपासतात, आणि नकार दिला तर व्हिसावाल्याला परत पाठवू शकतात. ग्रीन कार्ड असलेले पण वर्षातले बरेच महिने पुण्यात काढणारे आई-बाबा असतील तर त्यांना एक आकडा पाठ करायला लावा: आय-407. ग्रीन कार्ड आपणहून सोडत असल्याचा तो फॉर्म. दमलेल्या माणसापुढे सरकवला की सही होऊन जाते. सही करायची नाही, इमिग्रेशन न्यायाधीशापुढे सुनावणी हवी असं सांगायचं.

ऑफिसात अभिव्यक्तिस्वातंत्र्य सांगत बसू नका. पहिली घटनादुरुस्ती सरकारला बांधते, खासगी कंपनीला नाही. पोस्ट आवडली नाही म्हणून कंपनी काढू शकते. धर्म, वंश किंवा मूळ देश यावरून त्रास दिला तर 1964 चा नागरी हक्क कायदा आहे, पण तक्रारीला मुदत असते, राज्यानुसार 180 किंवा 300 दिवस.

जानेवारी 2025 मध्ये राष्ट्राध्यक्षांनी आदेश काढला, की तात्पुरत्या व्हिसावरच्या आई-बापांच्या मुलांना जन्मानं नागरिकत्व नाही. सॅन फ्रान्सिस्कोत जन्मलेला वोंग किम आर्क जन्मानंच नागरिक आहे, असा 1898 मध्ये लागलेला निकाल याच्या आड येतो आणि खालच्या कोर्टांनी आदेश लगेच रोखला. घरी पाळणा हलणार असेल तर ताजी स्थिती वकिलाकडून समजून घ्या, व्हॉट्सॲपवरून नाही.

किरकोळ वाटणाऱ्या पण महाग पडणाऱ्या गोष्टी: वय अठरा किंवा त्याहून जास्त असेल तर ग्रीन कार्ड किंवा आय-94 ची, म्हणजे देशात आल्याच्या नोंदीची, प्रिंट जवळ हवी. गांजा तुमच्या राज्यात कायदेशीर असला तरी फेडरल कायद्यात नाही, आणि इमिग्रेशन फेडरल आहे. लायसन्सच्या ऑफिसात मतदार नोंदणीबद्दल विचारलं तर स्पष्ट नाही म्हणा. नागरिक असल्याचा खोटा दावा आयुष्यभर पुरतो. लायसन्स घेतल्यावर कधीतरी ज्युरी ड्यूटीचं, म्हणजे खटल्यात पंच म्हणून बसण्याचं, पत्रही येईल, कारण नावं त्या यादीतून काढतात. घाबरू नका आणि कचऱ्यातही टाकू नका. 'नागरिक नाही' या चौकटीत खूण करा, सही करा, पोस्टात टाका, आणि एक फोटो काढून ठेवा.