जंगलातल्या जुन्या केबिनमध्ये राहायला जाताय? या चुका टाळा

अमेरिकेतल्या राष्ट्रीय वनांमध्ये फॉरेस्ट सर्व्हिसच्या, म्हणजे तिथल्या सरकारी वनसेवेच्या, जुन्या लाकडी केबिन भाड्याने मिळतात, हे तिथल्या अनेक मराठी कुटुंबांना अजून ठाऊक नसतं. ज्यांना कळतं ते उत्साहाने जातात, आणि त्यातले काही जण पहिल्याच रात्री वैतागतात. खोलीत धूर कोंडतो, नळाला पाणी नसतं, रात्रभर उंदरांची खुडबुड चालते. पण बहुतेक वेळा केबिनमध्ये काहीच बिघडलेलं नसतं. हॉटेलची खोली आपण नुसती वापरतो, ही केबिन मात्र आपल्याला चालवावी लागते. ऊब, उजेड, पाणी, सफाई, सगळं आपल्याकडे. इथे होणाऱ्या बहुतेक चुका हे न ओळखल्यामुळे होतात.

ही घरं कुणासाठी बांधली ते माहीत असलं की बरंच काही आपोआप उलगडतं. फॉरेस्ट सर्व्हिस 1905 साली सुरू झाली. 1910 च्या उन्हाळ्यात आयडाहो आणि मोंटाना भागात सुमारे तीस लाख एकर जंगल जळालं, आणि त्यानंतर वणव्यांवर नजर ठेवण्यासाठी डोंगरमाथ्यांवर टेहळणीचे मनोरे आणि दऱ्याखोऱ्यांत रखवालदारांची ठाणी उभी राहत गेली. त्यातलं बरंचसं काम 1933 ते 1942 या काळात सिव्हिलियन कॉन्झर्व्हेशन कोअर या सरकारी रोजगार योजनेतल्या तरुणांनी केलं. मंदीत बेकार झालेली ही मुलं. महिना 30 डॉलर पगार, त्यातले 25 साधारणपणे थेट घरी जात. सिअ‍ॅटलहून एका दिवसात जाऊन येता येईल अशा ऑलिंपिक राष्ट्रीय वनातली हामा हामा केबिन या मुलांच्या हातची आहे, तर त्याच वनातली इंटरोरेम केबिन त्याहून जुनी, 1907 ची. पुढे रस्ते झाले, गाड्या आल्या, रखवालदाराला जंगलात मुक्काम करायची गरज उरली नाही. रिकाम्या पडलेल्या यातल्या बऱ्याच वास्तू आज भाड्यामुळे तग धरून आहेत. 2004 च्या कायद्याप्रमाणे अशा शुल्कातला किमान 80 टक्के वाटा त्याच ठिकाणच्या देखभालीसाठी राहतो. म्हणून मला हे भाडं देताना मनापासून बरं वाटतं.

फोटो बघून बुकिंग करणं

रिक्रिएशन डॉट गव्ह या सरकारी बुकिंगच्या संकेतस्थळावर केबिनचा सुंदर फोटो दिसतो आणि बोट लगेच तारखांकडे जातं. खालची माहिती कुणी वाचत नाही. एका केबिनमध्ये गॅसचे दिवे, शेगडी, फ्रीज असं सगळं असतं, तर दुसरीत चार भिंती, लाकडी बाक आणि वूड स्टोव्ह (लाकडं जाळून खोली गरम करायची बंदिस्त शेगडी) एवढंच. गाद्या असतील, नसतील. भांडी असतील, नसतील. कुत्र्याला परवानगी असेलच असं नाही. काही केबिनपर्यंत गाडी जाते, काहींना शेवटचा टप्पा पायी, आणि हिवाळ्यात बर्फावरून स्की किंवा स्नोशू (बर्फात पाय रुतू नयेत म्हणून बुटांना बांधायचे रुंद तळवे) घालून गाठावा लागतो. तेव्हा त्या पानावरची ओळ न् ओळ वाचा आणि काय नाही याची यादी आधी करा. सामानाची यादी त्यावरूनच तयार होते.

माणसांची मर्यादा ही खरी मर्यादा असते. आपल्याकडे तीन-चार कुटुंबांनी मिळून जायची पद्धत आहे, आणि ‘मुलं काय, कुठेही झोपतील’ असं म्हणून सहा जणांच्या केबिनमध्ये दहा जण जातात. मुलंही त्या आकड्यात धरलेली असतात. शौचालयाची टाकी, आग लागली तर बाहेर पडायचं एकमेव दार, जुन्या लाकडी माळ्यावर पडणारं वजन, या सगळ्यांचा विचार त्या आकड्यामागे असतो. मोठा गट असेल तर जवळच्या कॅम्पग्राउंडवर वेगळी जागा घ्या.

बऱ्याच केबिनचं बुकिंग सहा महिने आधी उघडतं, आणि उन्हाळ्यातले शनिवार-रविवार लगेच संपतात. मधले वार किंवा सप्टेंबरचा शेवट बघा. आणखी एक गोंधळ नेहमी होतो: राष्ट्रीय उद्यानं अंतर्गत खात्याच्या (डिपार्टमेंट ऑफ द इंटिरिअर) नॅशनल पार्क सर्व्हिसकडे आहेत, तर राष्ट्रीय वनं कृषिखात्याच्या फॉरेस्ट सर्व्हिसकडे. उद्यानांसाठी घेतलेल्या वार्षिक पासात केबिनचं भाडं धरलेलं नसतं.

फोनमधल्या नकाशावर भरवसा

फोनमधला नकाशा जंगलातला कोणताही रस्ता रस्ता म्हणूनच दाखवतो, मग तो वाहून गेलेला असो, बर्फाखाली असो की फाटक लावून बंद केलेला असो. निघायच्या आदल्या दिवशी त्या भागाच्या रेंजर स्टेशनला (फॉरेस्ट सर्व्हिसच्या स्थानिक कार्यालयाला) फोन करा आणि तीन गोष्टी विचारा: रस्ता उघडा आहे का, आपली गाडी जाईल का, आगीवर सध्या कोणते निर्बंध आहेत. अ‍ॅव्हेन्झासारख्या अ‍ॅपमध्ये फॉरेस्ट सर्व्हिसचे नकाशे आधी उतरवून घेतले की सिग्नल नसतानाही आपण कुठे आहोत ते दिसतं. कुलपाचा क्रमांक किंवा किल्लीची व्यवस्थाही घरीच बघा आणि कागदावर लिहून घ्या. क्रमांक ईमेलमध्ये आहे आणि ईमेल उघडत नाही, अशी वेळ दारात आली तर तिथे मदतीला कुणी नसतं. क्रमांक बरोबर असूनही कुलूप उघडत नसेल तर ते बहुधा थंडीने अडकलेलं असतं. हातात धरून ऊब द्या, कडी आत दाबून मग ओढा. बिजागऱ्या उचकटू नका.

पाणी ‘तिथे मिळेल’

बहुतेक केबिनमध्ये पिण्याचं पाणी नसतं. माणशी दिवसाला चार लिटर हा हिशोब धरा, भांडी घासायची असतील तर त्याहून जास्त. ओढ्याचं पाणी कितीही नितळ दिसलं तरी त्यात जिआर्डिया हा पोट बिघडवणारा सूक्ष्म परजीवी असू शकतो, म्हणून ते खळखळ उकळायचं: एक मिनिट, आणि साडेसहा हजार फुटांच्या वर तीन मिनिटं.

उंचीचा फटका स्वयंपाकालाही बसतो. कोलोरॅडोत नऊ-दहा हजार फुटांवर पाणी साधारण 90 अंशांनाच उकळतं. तूरडाळ उघड्या पातेल्यात दोन तास ठेवली तरी बोटचेपी होत नाही आणि गॅस संपत येतो. छोटा प्रेशर कुकर सोबत न्या, नाहीतर मुगाची डाळ न्या.

वूड स्टोव्ह

सगळ्यात जास्त फजिती इथे होते, म्हणून जरा सविस्तर सांगते. आपल्यापैकी अनेकांनी आजीची चूल पाहिलेली असते, पण हा स्टोव्ह बंदिस्त असतो आणि तो ओढीवर चालतो: गरम हवा धुराड्यातून वर गेली तरच खालून ताजी हवा आत येते. ती ओढ तुटली की धूर खोलीत.

पेटवण्याआधी धुराड्यातला डँपर (धुराची वाट उघडणारी-बंद करणारी फिरती पट्टी) आणि स्टोव्हच्या दारातली हवेची झडप, दोन्ही पूर्ण उघडा. केबिन काही दिवस बंद असेल तर धुराड्यात थंड, जड हवा बसलेली असते. वर्तमानपत्राचा एक बोळा पेटवून स्टोव्हच्या आत, धुराड्याच्या तोंडाजवळ मिनिटभर धरा. ज्योत वर खेचली गेली म्हणजे ओढ सुरू झाली. मग बोटाएवढ्या काटक्या, मग मनगटाएवढी ढलपी, आणि निखारे झाल्यावरच मोठा ओंडका. सुरुवातीलाच मोठी लाकडं भरणं ही पहिली चूक. ओलं लाकूड ही दुसरी: टोकांना चिरा पडलेलं आणि एकमेकांवर आपटल्यावर खणखणीत वाजणारं लाकूड वाळलेलं असतं, ओलं बद्द वाजतं.

तिसरी चूक जिवावर बेतणारी आहे. रात्रभर आग पुरावी म्हणून झोपताना डँपर पूर्ण बंद केला जातो. आग धुमसते, धुराड्यात डांबरासारखं क्रिओसोट साचतं, तेच पुढे कधीतरी पेट घेतं, आणि खोलीत कार्बन मोनॉक्साइड भरतो. त्याला वास नसतो. झोपताना आग लहान होऊ द्या, डँपर थोडा उघडाच राहू द्या, एक खिडकी बोटभर उघडी ठेवा आणि जाड स्लीपिंग बॅग वापरा. बॅटरीवर चालणारा कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म स्वतःचा घेऊन जा. तो वाजला, किंवा दोघा-तिघांना एकाच वेळी डोकेदुखी आणि मळमळ सुरू झाली, तर आधी सगळ्यांना बाहेर काढा, कारण नंतर शोधा. कोळशाची शेगडी किंवा बार्बेक्यू थंडी घालवायला आत आणायचं नाही, आणि स्वयंपाकाचा गॅस ऊब मिळावी म्हणून पेटता ठेवायचा नाही.

खोलीत धूर झालाच तर दार-खिडक्या उघडा, डँपर तपासा, स्टोव्हचं दार बंद करा. तापलेल्या बिडाच्या स्टोव्हवर पाणी ओतू नका, तो तडकतो. धुराड्यातून घरघर आवाज येऊ लागला तर आत क्रिओसोट पेटलेलं असतं. हवेची झडप बंद करा आणि बाहेर पडा.

राख काढताना लोक हमखास फसतात. वरून थंड वाटणाऱ्या राखेत निखारा दिवस-दिवस जिवंत राहतो. ती झाकणाच्या धातूच्या बादलीतच काढायची, पाणी घालून ढवळायची. कागदी पिशवीत भरून व्हरांड्यात ठेवलेली राख रात्रीत घर पेटवू शकते.

सरपण घरून नेऊ नका. एमराल्ड अ‍ॅश बोरर हा किडा 2002 मध्ये मिशिगनमध्ये सापडला आणि 2022 मध्ये ऑरेगनपर्यंत पोचला. लांबून आणलेल्या सरपणातून असे किडे फार सहज पसरतात. केबिनमध्ये लाकूड मिळतं का ते विचारा, नसेल तर तिथल्याच गावात विकत घ्या. उभं वाळलेलं झाडही तोडायचं नाही, त्यात घुबडं आणि सुतारपक्षी राहतात.

उंदरांच्या लेंड्या झाडणं

जुन्या लाकडी घरात उंदीर येणारच. आपली पहिली सवय म्हणजे केरसुणी हातात घेणं, आणि इथे तीच घातक ठरते. पश्चिम अमेरिकेतल्या डिअर माउसच्या (वरून तपकिरी, पोट पांढरं) लेंड्या-मुतातून हंताव्हायरस पसरू शकतो. झाडताना उडालेली धूळ श्वासात जाते, तीच लागण. 1993 मध्ये युटा, कोलोरॅडो, अ‍ॅरिझोना आणि न्यू मेक्सिको या चार राज्यांच्या सीमेवरच्या भागात या रोगाने अनेकांचा बळी घेतला. 2012 मध्ये कॅलिफोर्नियातल्या योसेमिटी राष्ट्रीय उद्यानातल्या मुक्कामांनंतर दहा जण आजारी पडले, त्यातले तीन दगावले. रोग दुर्मीळ आहे, पण झालेल्यांपैकी तिसऱ्या हिश्श्याहून जास्त लोक वाचत नाहीत, म्हणून इथे आळस नको.

गेल्या गेल्या दार-खिडक्या उघडा आणि अर्धा तास सगळ्यांनी बाहेर थांबा. मुलांना आधी आत सोडू नका. मग हातमोजे घालून, एक भाग ब्लीच आणि दहा भाग पाणी असं मिश्रण लेंड्यांवर भिजेपर्यंत मारा, पाच मिनिटं थांबा, कागदी टॉवेलने पुसून पिशवीत बांधा. झाडायचं नाही, व्हॅक्यूम करायचं नाही. झोपण्याची जागाही अशीच पुसून घ्या आणि शक्यतो जमिनीवर झोपू नका. परतल्यावर एक ते आठ आठवड्यांत ताप आणि मांड्या-पाठीत जोरदार दुखणं सुरू झालं तर डॉक्टरांना केबिनमधल्या उंदरांबद्दल आपणहून सांगा. ते विचारतीलच असं नाही.

खाण्याचं सगळं घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यांत ठेवा. प्लास्टिकच्या पिशव्या उंदीर सहज कुरतडतो. अस्वलांच्या भागात कूलर किंवा उष्टी ताटं व्हरांड्यात ठेवू नका. टूथपेस्ट आणि तेलाची बाटलीसुद्धा आत किंवा बंद गाडीत. फोडणीचा वास लांबवर जातो, तेव्हा भांडी लगेच घासा आणि ते पाणी गाळून, ओढ्यापासून दोनशे फूट दूर पसरून टाका.

वास्तूला हात लावणं

इथे लोकांचा हेतू चांगला असतो, म्हणून अधिक वाईट वाटतं. ओंडक्यांमधली फट दिसली की कुणी फोम भरतं, कपडे वाळवायला खिळा ठोकतं, पोरं तुळईवर नावं कोरतात. ओंडक्यांवर कुऱ्हाडीच्या धारेच्या खुणा असतात, त्या कुणा वीस वर्षांच्या मुलाच्या हाताच्या आहेत. एकदा घासल्या की गेल्या. दोरी बांधायला आधीपासून असलेल्या खुंट्या वापरा. आवारात सापडलेला जुना पत्र्याचा डबा किंवा घोड्याची नाल जिथे आहे तिथेच राहू द्या.

दिवाळीच्या शनिवार-रविवारी केबिन घेणारी मंडळी वाढली आहेत. तेलाच्या पणत्या, उदबत्ती, फुलबाज्या यांतलं काहीच तिथे नको. भिंतीही लाकडाच्या आणि कित्येकदा छपरावरही लाकडाच्याच फळ्या. बॅटरीच्या पणत्या न्या, कंदील खिडकीत लावा.

टेहळणीचा मनोरा भाड्याने घेणार असाल तर लहान मुलांचा पुन्हा विचार करा. जिने उभे असतात आणि कठड्यांच्या फटी मोठ्या. विजेचं वादळ आलं तर जिन्यावर किंवा बाहेरच्या सज्जात थांबू नका. आत राहा आणि स्टोव्हपासून दूर बसा. जुन्या मनोऱ्यात काचेच्या पायांचं छोटं स्टूल दिसलं तर ते वादळात रखवालदाराने उभं राहण्यासाठी होतं, कारण काचेतून वीज जात नाही.

निघताना

सफाईला कुणी येत नाही, कदाचित दुपारीच पुढचं कुटुंब येतं. निघण्यासाठी पुरते दोन तास राखून ठेवा. कचरा सगळा गाडीत. शौचालयाच्या टाकीत डायपर किंवा ओले वाइप्स टाकले तर टाकी उपसणाऱ्या गाडीची नळी तुंबते. गॅसचा मुख्य कॉक बंद, खिडक्यांच्या कड्या लावलेल्या, थोडं फोडलेलं सरपण पुढच्यांसाठी कोरड्या जागी. काही मोडलं असेल, मग ते तुमच्याकडून असो वा आधीचं, नोंदवहीत लिहा आणि सिग्नल येताच रेंजर स्टेशनला कळवा. फोटो आणि तारीख पाठवली तरी त्यांना पुरतं.