घरी बांधलेल्या जुन्या कॅटामरान : या चुका टाळा

इंग्लंडच्या जेम्स व्हॉरम यांनी स्वतःच्या हातांनी बांधलेली ‘टांगारोआ’ ही साडेतेवीस फुटी, सपाट तळाची कॅटामरान, म्हणजे दोन समांतर सांगाडे जोडून केलेली नौका, १९५५ मध्ये इंग्लंडमधील फाल्मथ बंदरातून निघाली आणि अटलांटिक ओलांडून त्रिनिदादला पोहोचली. तिच्यावर त्यांच्यासोबत युटा शुल्झे-रोनहोफ आणि रूथ मेर्सेबुर्गर या दोन तरुणी होत्या. त्रिनिदादमध्येच या तिघांनी ‘रोंगो’ ही चाळीस फुटी, तळाशी निमुळती होत जाणारी दुसरी नौका बांधली आणि १९५९ मध्ये ती न्यूयॉर्कहून आयर्लंडला आणली. उत्तर अटलांटिक पश्चिमेकडून पूर्वेकडे ओलांडणारी ही पहिली कॅटामरान मानली जाते. पुढील काही दशकांत व्हॉरम यांचे दहा हजारांहून अधिक आराखडे विकले गेले आणि अनेक देशांतील हौशी मंडळींनी परसात, गोठ्यात किंवा भाड्याच्या शेडमध्ये समुद्रावर जाणाऱ्या नौका बांधायला घेतल्या.

त्यांपैकी बऱ्याच नौका आज दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडे आहेत आणि काही जण अजूनही ते जुने आराखडे समोर ठेवून काम सुरू करतात. अशा नौकांमधील बिघाडांचा माग काढत गेल्यास एक गोष्ट वारंवार आढळते. दोष पुष्कळदा आराखड्यात नसतो. बांधणाऱ्याने ‘थोडी अधिक मजबुती’ किंवा ‘थोडी अधिक सोय’ म्हणून केलेल्या फेरबदलात तो असतो.

वजनाची चूक

आराखड्यात ६ मिलिमीटरचे प्लायवूड सांगितलेले असताना ९ मिलिमीटरचे वापरणे, ही सर्वांत सामान्य सुधारणा होती. आठ बाय चार फुटांच्या एका शीटमागे साधारण ५ किलो वजन वाढते. चाळीस शीट लागणाऱ्या नौकेत समुद्रात उतरण्यापूर्वीच २०० किलोंची भर पडते. त्यानंतर जाड रंगाचे थर, लोखंडी स्टोव्ह, पुस्तकांचे कपाट, पाण्याची जादा टाकी आणि ‘असू दे, कधीतरी लागेल’ म्हणून घेतलेले सामान येते.

हे वजन कॅटामरानला एकच हल, म्हणजे पाण्यात बसणारा सांगाडा, असलेल्या साध्या नौकेपेक्षा अधिक जाचते, आणि त्याचे कारण साध्या गणिताचे आहे. पाण्याच्या रेषेत दहा मीटर लांब आणि ८० सेंटिमीटर रुंद असे दोन हल घेतले, तर त्यांचे पाण्याच्या पातळीवरील एकत्रित क्षेत्रफळ सुमारे साडेदहा चौरस मीटर भरते. म्हणजे एक टन जादा वजनाने नौका जवळजवळ दहा सेंटिमीटर खाली बसते. तेवढ्याच लांबीची, तीन मीटर रुंदीची साधी नौका त्याच वजनाने जेमतेम पाच सेंटिमीटर बसेल. कॅटामरानच्या मधल्या डेकखाली लाटांना वाट मिळावी म्हणून ठेवलेल्या अंतरातूनच हे दहा सेंटिमीटर जातात, आणि मग प्रत्येक मोठी लाट डेकवर खालून आदळू लागते. डेकखालून धडधड ऐकू येत असेल, तर डेकला खालून आणखी फळ्या ठोकण्याआधी नौका रिकामी करावी आणि पाण्याची रेषा आराखड्याशी ताडून पाहावी.

जड कॅटामरान सहसा उलटत नाही, असा युक्तिवाद त्या काळीही केला जात असे. तो अर्धवट खरा आहे, कारण वाऱ्याकडचा हल पाण्यातून उचलायला अधिक जोर लागतो. परंतु तोच जोर डोलकाठी, तारा आणि तुळया यांना सोसावा लागतो, आणि त्यांची जाडी हलक्या नौकेच्या हिशेबाने ठरवलेली असते.

दोन हलांमधील जोड

व्हॉरम यांच्या रचनेत दोन हल आडव्या तुळयांनी जोडलेले असतात आणि त्यांना एकमेकांपासून किंचित स्वतंत्रपणे हलण्याची मुभा दिलेली असते. सुरुवातीच्या आराखड्यांत बोल्ट होते. आराखड्यांच्या नंतरच्या ‘पाही’ आणि ‘टिकी’ मालिकांत दोरीच्या बांधण्या आल्या, ज्या प्रशांत महासागरातील पॉलिनेशिया बेटांच्या जुन्या परंपरेला अधिक जवळच्या आहेत. दक्षिण कोकणात उलांडीची, म्हणजे आडव्या दांड्यांनी बाजूला तरंगता ओंडका बांधलेली, होडी पाहिलेल्या वाचकाला दोरीने बांधलेल्या जोडाचे नवल वाटणार नाही.

डेकवर राहण्याची सोय हवी म्हणून अनेकांनी नेमकी याच ठिकाणी गफलत केली. व्हॉरम यांचा डेक फटी ठेवलेल्या फळ्यांचा असतो, त्यातून पाणी आणि वारा आरपार जातात. त्यावर दोन्ही हलांना पक्की जोडलेली प्लायवूडची केबिन उभारली गेली. दोन हल दोन वेगळ्या लाटांवर असतात तेव्हा संपूर्ण नौकेला पीळ पडतो. लवचीक तुळया तो पीळ सोसतात, पण केबिन ताठ असल्याने सगळा ताण तिच्या कोपऱ्यांकडे जातो. खिडक्यांच्या कोपऱ्यांतून निघालेल्या तिरप्या चिरा आणि कितीही वेळा लुकण भरले तरी पुन्हा सुरू होणारी गळती ही त्याची खूण होय. अशा वेळी चीर बुजवण्यात अर्थ नाही. केबिन एका बाजूने सुटी करावी किंवा काढूनच टाकावी. आरंभापासून ताठ असलेली कॅटामरान ही अर्थातच वेगळी गोष्ट आहे. दर्यावर्दी डेव्हिड लुईस यांची ‘रेहू मोआना’ ही कॅटामरान इंग्लंडमधील कॅनव्ही बेटावरील प्राउट बंधूंच्या व्यावसायिक कारखान्यात बांधलेली होती, आणि लुईस यांनी १९६४ ते १९६७ या काळात कुटुंबासह तिच्यातून पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण केली. चूक ताठपणात नाही, दोन पद्धतींची भेसळ करण्यात आहे.

बांधण्यांसाठी नायलॉनची दोरी वापरू नये, कारण ती भिजली की अधिक ताणते आणि जोड सैल पडतो. पॉलिएस्टरची कमी ताणणारी दोरी घ्यावी आणि उन्हाने तिच्या वरच्या धाग्यांची भुकटी होऊ लागली की बदलावी.

गोंद, खिळे आणि गोडे पाणी

यूरिया-फॉर्माल्डिहाइड गोंद स्वस्त होता आणि फर्निचरसाठी उत्तमही होता, पण सतत ओलाव्यात राहणाऱ्या जोडाला तो टिकत नाही. रिसॉर्सिनॉल गोंद खरा जलरोधक. मात्र त्याला घट्ट शिकंजे, नेमके बसणारे सांधे आणि पुरेशी ऊब लागते, आणि इंग्लंडच्या हिवाळ्यात पत्र्याच्या शेडमध्ये यांपैकी तिसरी गोष्ट नसे. इपॉक्सीचा वापर नंतर रूढ झाला, तो फटी भरून काढतो. त्यामुळे नौका कोणत्या वर्षी आणि कोणत्या गोंदाने बांधली, हे विकत घेण्यापूर्वी विचारलेच पाहिजे. पॉलिएस्टर रेझिनने लाकडावर चढवलेले फायबरग्लास कालांतराने सुटते आणि त्याच्या मागे पाणी साचते. बाहेरून मात्र नौका गुळगुळीत दिसत राहते. गंजलेल्या लोखंडी खिळ्यांचे तपकिरी ओघळ निदान डोळ्यांना दिसतात, म्हणून ते बरे.

लाकूड कुजवते ते मुख्यतः पावसाचे पाणी. तळाशी साचलेले पाणी जिभेला लावून पाहावे. खारट असेल तर हलाला किंवा सुकाणूच्या जोडाला गळती आहे. गोडे असेल तर ते डेकवरून येत आहे, आणि हीच गळती लाकडाला अधिक घातक असते. तुळया ज्या खोबणीत बसतात तेथे, पोकळ तुळयांच्या टोकांना आणि प्लायवूडच्या न रंगवलेल्या कडांना टोच्याने दाबून पाहावे. बंदरात नौका महिनोन्महिने झाकणे लावून बंद ठेवणे हे तिला कुजवायला ठेवण्यासारखेच आहे.

शीड उशिरा आखडणे

शीड आखडणे म्हणजे जोराच्या वाऱ्यात त्याचा पसारा कमी करणे. साधी नौका वाऱ्याचा झोत आला की कलते आणि शिडातील वारा काही प्रमाणात सुटतो. कॅटामरान फारशी कलत नाही, त्यामुळे खलाशाला इशारा मिळत नाही. वाऱ्याचा वेग २० नॉटवरून (एक नॉट म्हणजे ताशी सुमारे १.८५ किलोमीटर) ३० वर गेला, तर शिडावरील जोर सव्वादोन पट होतो. वारा मागून असताना फसगत आणखी मोठी असते : २५ नॉटच्या वाऱ्यात नौका १२ नॉटने धावत असेल, तर डेकवर जाणवतो तो फक्त १३ नॉटचा वारा. त्याच क्षणी काही कारणाने नौका वाऱ्याकडे वळवावी लागली, तर तेवढ्याच शिडावर जवळजवळ चौपट जोर येतो. म्हणून शीड आखडण्याचा निर्णय नौकेच्या कलण्यावर न सोडता वाऱ्याच्या वेगाच्या ठरवलेल्या आकड्यावर सोडावा, आणि मागून वारा असताना नौकेचा वेग त्यात मिळवून हिशेब करावा. वाऱ्याआडच्या हलाचे टोक लाटेत घुसू लागले असेल, तर त्या आकड्याचीही वाट पाहू नये. शीड उतरवल्यानंतरही नौका लाटांवरून घसरत धावत असल्यास मागच्या दोन टोकांमधून लांब, जाड दोराचा फास पाण्यात सोडावा. तो तिचा वेग रोखतो आणि पाठ लाटांकडे धरून ठेवतो.