नायसिनची तपासणी: कॅन घरी आणण्याआधी

डॉक्टरांनी नायसिन, म्हणजे जीवनसत्त्व बी-३, तपासायला सांगितलं असेल तर आधी चिठ्ठी नीट वाचा. रक्त लिहिलंय की चोवीस तासांची लघवी, जी लॅबच्या कॅनमध्ये जमा करायची असते? रक्तातलं नायसिन कालच्या जेवणानं आणि सकाळच्या गोळीनं वरखाली होतं, अंगात ते पुरेसं आहे का हे त्यावरून फारसं कळत नाही. नायसिन वापरून झाल्यावर शरीर एन-मिथाइलनिकोटिनामाइड आणि टू-पायरिडोन हे दोन पदार्थ लघवीतून टाकतं. त्यांचं मोजमाप जास्त भरवशाचं. पण हे सगळीकडे होत नाही, तेव्हा लॅबला आधी फोन करा आणि नमुना कोणत्या वारी घेतात तेही विचारा.

मग घरातला औषधांचा डबा काढा. बी-कॉम्प्लेक्सच्या पाकिटामागे ‘निकोटिनामाइड’ (नायसिनचंच एक रूप) दिसलं, की ती गोळी किती दिवस बंद ठेवायची ते डॉक्टरांना विचारा. ‘टॉनिकच तर आहे’ म्हणून लोक सांगत नाहीत आणि रिपोर्ट भरभक्कम येतो. टीबीचं आयसोनियाझिड चालू असेल तर आवर्जून सांगा. त्यानं बी-६ कमी पडतं आणि त्यामुळे ट्रिप्टोफॅन या प्रथिनांतल्या घटकापासून नायसिन तयार होणं अडतं. ते औषध मात्र स्वतःहून थांबवायचं नाही. दारू, जुने जुलाब, उन्हात उघड्या राहणाऱ्या हातांवर नि गळ्याभोवती काळवंडलेली कातडी, हेही लपवू नका.

आठवडाभर काय खाल्लं ते वहीत लिहून ठेवा. नेहमीचंच खा, तपासणीपुरतं पथ्य नको. दख्खनच्या पठारावर पेलाग्रा हा नायसिनच्या अभावाचा आजार ज्वारीवर जगणाऱ्या गरिबांत दिसायचा. हैदराबादेत डॉ. सी. गोपालन यांनी त्याचा अभ्यास केला आणि ज्वारीतल्या जास्तीच्या ल्युसिनकडे, म्हणजे प्रथिनांतल्याच दुसऱ्या एका घटकाकडे, बोट दाखवलं. त्यावर पुढे वादही झाले. लगेच भाकरीला घाबरू नका. सोबतच्या शेंगदाण्यात १०० ग्रॅमला सुमारे १२ मिलिग्रॅम नायसिन असतं, आणि डाळ-दुधातल्या ६० मिलिग्रॅम ट्रिप्टोफॅनमागे शरीर साधारण १ मिलिग्रॅम बनवतं.

आता कॅन. सकाळची पहिली लघवी टाकून द्या, वेळ लिहा, आणि तिथून दुसऱ्या दिवशीच्या त्याच वेळेपर्यंतची प्रत्येक लघवी, अगदी त्या सकाळची पहिलीसुद्धा, कॅनमध्ये जमा करा. आमच्या सासूबाईंनी कॅन आधी स्वच्छ विसळून उन्हात वाळवला होता. तळाशी लॅबनं घातलेलं ॲसिड अर्थातच मोरीत गेलं आणि आम्ही नवा कॅन आणायला गेलो. तेव्हा विसळू नका, थेट कॅनमध्ये लघवी करू नका, मगातून बेतानं ओता. कॅन गार जागी ठेवा. लग्न-प्रवासाचा दिवस टाळा. एक वेळची चुकली तर तसं सांगा, नाहीतर आकडा उगाच कमी येईल. लघवीतलं क्रिएटिनिन, म्हणजे रोज साधारण सारख्याच प्रमाणात बाहेर पडणारा पदार्थ, मोजलं तर ही चूक बहुधा उघडी पडतेच.

रिपोर्टमध्ये आकड्याआधी एकक बघा. प्रौढ माणसात दोन्ही पदार्थ मिळून दिवसाला १७.५ मायक्रोमोलच्या वर असतील तर पुरेसं, ५.८ ते १७.५ म्हणजे कमी, ५.८ च्या खाली म्हणजे अभाव. लॅबची पट्टी वेगळी असेल तर तिचीच धरा.

लक्षणं स्पष्ट असली तर डॉक्टर रिपोर्टसाठी थांबत नाहीत, निकोटिनामाइड लगेच सुरू करतात. तसं असेल तर एवढंच विचारून घ्या, कॅन भरण्याआधी गोळी घ्यायची की नंतर.