शट डाऊन किंवा स्लीप करताना कॉम्प्युटर क्रॅश होतोय? फॉरमॅट मारायच्या आधी हे बघा

दिवसभर मशीन एकदम व्यवस्थित चालते, टॅली चालतं, प्रिंट येतात, यूट्यूब चालतं, आणि रात्री दुकान बंद करताना शट डाऊन केलं की स्क्रीन काळी पण आतला पंखा फिरतोच आहे, किंवा थोड्या वेळाने निळी स्क्रीन येते आणि कॉम्प्युटर आपोआप परत चालू. लॅपटॉपवाल्यांचं वेगळं, झाकण बंद केलं, जेवून आले, झाकण उघडलं तर काळोख, बटण दाबून धरल्याशिवाय काहीच होत नाही. फोंड्याला आणि आजूबाजूला मी हीच कामं करतो आणि ह्या तक्रारीवर लोकांना दोनच उत्तरं मिळालेली असतात, एसएमपीएस (कॅबिनेटमधला वीज पुरवणारा डबा) गेला किंवा विंडोज फॉरमॅट करावी लागेल. बहुतेक वेळा दोन्हीची गरज नसते, म्हणून हे जरा सविस्तर लिहितोय, घरी बसून करता येण्यासारखं आहे.

आधी एक गोष्ट समजून घ्या म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल. कॉम्प्युटर बंद होताना किंवा झोपताना विंडोज प्रत्येक डिव्हाइसच्या ड्रायव्हरला (म्हणजे ते डिव्हाइस चालवणाऱ्या छोट्या सॉफ्टवेअरला) सांगते की आता पॉवर कमी करायची आहे, तुझं आवर आणि मला कळव. वायफाय, ग्राफिक्स कार्ड, यूएसबी, साउंड, सगळ्यांना. त्यातल्या एकाने जरी उत्तर दिलं नाही तर बाकी सगळे त्याच्यासाठी थांबून राहतात, काही मिनिटं वाट बघून विंडोज हात टेकते आणि निळी स्क्रीन देते, तिच्यावर बहुतेक वेळा ड्रायव्हर पॉवर स्टेट फेल्युअर असं लिहिलेलं असतं. दिवसभर काम चालू असताना हा प्रश्न त्या ड्रायव्हरला कोणी विचारतच नाही म्हणून दिवसभर काही होत नाही. म्हणजे शोधायचं काय तर तो एक उत्तर न देणारा.

आता मुख्य काम. मशीनला लगेच काही करू नका, फक्त वेगवेगळ्या प्रकारे बंद करून बघा आणि कागदावर लिहून ठेवा. पहिल्यांदा रीस्टार्ट. मग साधं शट डाऊन. मग शिफ्टचं बटण दाबून धरून शट डाऊन. मग स्लीप. सगळी कामं सेव्ह करून, प्रत्येकाला पाचेक मिनिटं द्या, घाई नको.

शिफ्टचं कशाला, तर विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, फास्ट स्टार्टअप नावाचा प्रकार आलाय आणि तो चालू असेल तर आपण ज्याला शट डाऊन म्हणतो ते पूर्ण शट डाऊन नसतंच. तुमचे प्रोग्राम बंद होतात पण विंडोजचा आतला भाग, ड्रायव्हरसकट, डिस्कवर एका फाइलमध्ये लिहून ठेवला जातो म्हणजे दुसऱ्या दिवशी लवकर चालू होईल. अर्धं हायबरनेटच झालं ते (हायबरनेट म्हणजे उघडं काम डिस्कवर लिहून मशीन पूर्ण बंद करणं). रीस्टार्टला मात्र हे होत नाही, तिथे सगळं खरोखर बंद होऊन नव्याने चालू होतं. शिफ्ट धरून शट डाऊन केलं तरी पूर्ण बंद होतं. त्यामुळे रीस्टार्ट ठीक, शिफ्टवालं ठीक आणि फक्त साधं शट डाऊन अडकतंय असं असेल तर तुमचं अर्धं काम झालं, फास्ट स्टार्टअप आणि कुठलातरी ड्रायव्हर ह्यांचं जमत नाहीये. हार्डवेअरवर पैसे घालवायचं काही कारण नाही.

रीस्टार्ट पण अडकतंय तर मामला थोडा वेगळा, कुठलीतरी सर्व्हिस (मागे गुपचूप चालणारा प्रोग्राम), अँटीव्हायरस, एखादा सतत जोडलेला डिव्हाइस, ह्यांच्याकडे बघायचं. शट डाऊन सगळे ठीक आणि फक्त स्लीपला मरतोय तर ग्राफिक्सचा ड्रायव्हर, वायफाय किंवा बायोस (मदरबोर्डमध्येच असलेलं, विंडोजच्या आधी चालू होणारं सॉफ्टवेअर). आणि नीट बंद होऊन लगेच परत चालू होतो असं असेल तर आधी खात्री करा की मध्ये निळी स्क्रीन येऊन तर जात नाही ना, कारण ती आली की विंडोज स्वतःच रीस्टार्ट मारते आणि आपल्याला वाटतं शट डाऊन केलं तर रीस्टार्ट झालं. (अपडेट अँड शट डाऊन दाबलं असेल तर मध्ये एकदा रीस्टार्ट होणं नॉर्मल आहे, त्याला घाबरू नका, मध्येच बटण दाबून बंद करू नका.)

ती निळी स्क्रीन पकडायची कशी? विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाबा, येणाऱ्या छोट्या बॉक्समध्ये एस वाय एस डी एम डॉट सी पी एल टाइप करा, ॲडव्हान्स्ड टॅब, स्टार्टअप अँड रिकव्हरीच्या सेटिंग्ज, आणि ऑटोमॅटिकली रीस्टार्टची टिक काढा. आता क्रॅश झाला की स्क्रीन तशीच थांबेल, मोबाइलने फोटो काढा. खाली व्हॉट फेल्ड म्हणून कधी कधी फाइलचं नाव येतं ज्याच्या शेवटी डॉट एस वाय एस असतं, ते नाव नेटवर शोधलं की कुठल्या डिव्हाइसचा ड्रायव्हर ते लगेच कळतं. ते सोन्यासारखं आहे, सोडू नका.

फोटो चुकला तरी इव्हेंट व्ह्यूअर आहेच. स्टार्टमध्ये शोधा, विंडोज लॉग्ज, त्यात सिस्टम. तिथे कर्नल पॉवर ४१ ही नोंद लाल रंगात दिसेल, ६००८ क्रमांकाची पण दिसेल. लोक ४१ बघून घाबरतात आणि दुकानदार ते दाखवून एसएमपीएस विकतो, पण ४१ चा अर्थ एवढाच की मागच्या वेळी मशीन नीट बंद झाली नव्हती, कारण त्यात नाही. कारण हवं तर त्याच्यावर डबल क्लिक करून डिटेल्स टॅब उघडा, बगचेक कोड बघा. १५९ असेल तर तोच ड्रायव्हर पॉवर स्टेट फेल्युअर (निळ्या स्क्रीनवर हाच आकडा झिरो एक्स नाईन एफ असा येतो). शून्य असेल तर बहुतेक निळी स्क्रीन आलीच नव्हती, एकतर मशीन पूर्ण गोठली आणि तुम्ही बटण दाबून बंद केली, नाहीतर लाईट गेली.

आणि हे लाईटचं आपल्या गोव्यात फार महत्त्वाचं आहे. पावसाळ्यात माडाची झावळी तारेवर पडते, फिडर ट्रिप होतो, लाईट दोन सेकंद जाते आणि येते. स्लीपमध्ये मशीन बंद नसते, रॅमला करंट चालूच असतो कारण तुमचं उघडं काम रॅममध्येच असतं. डेस्कटॉप स्लीपला टाकून तुम्ही दुपारी जेवायला गेलात, यूपीएसची बॅटरी उतरलेली, तेवढ्यात लाईट झपकन गेली, की संपलं, परत आल्यावर मशीन बंद सापडते आणि आपण म्हणतो स्लीपमध्ये क्रॅश झाला. बायोसमध्ये लाईट आल्यावर आपोआप चालू व्हायचं सेटिंग असेल तर आणखी गोंधळ, बंद केलेला कॉम्प्युटर रात्री दोन वाजता एकटाच चालू झालेला असतो. म्हणून ६००८ वर डबल क्लिक करा, मशीन किती वाजता अचानक बंद पडली ते आत लिहिलेलं असतं, आणि त्या सुमारास लाईट गेली होती का ते घरच्यांना विचारा, शेजाऱ्यांना विचारा. हो म्हणाले तर विंडोजला हात लावू नका, यूपीएसची बॅटरी बदला. तपासायला सोपं आहे, मशीन चालू ठेवून, काम सेव्ह करून, यूपीएसचा भिंतीवरचा स्विच बंद करा, लगेच धापकन बंद पडलं तर बॅटरी मेलेली आहे.

लाईटचा प्रश्न नाही असं ठरलं की पुढची पायरी फुकटची आहे आणि सगळ्यात जास्त वेळा चालते. कीबोर्ड, माउस सोडून सगळं यूएसबीचं काढा. प्रिंटर, वेबकॅम, बोटाचा ठसा घ्यायचं मशीन, डिजिटल सिग्नेचरचं टोकन, यूएसबी हब, कार्ड रीडर, स्वस्तातला वायफाय डोंगल. मग रीस्टार्ट करा आणि त्यानंतर शट डाऊन करून बघा. गेल्या जत्रांच्या सीझनमध्ये एका डीटीपीवाल्याचं मशीन आलं होतं, हँडबिलं आणि नाटकांच्या जाहिराती करतो तो, त्याला फॉरमॅट करायला सांगितलं होतं पण सगळे मराठी फॉन्ट आणि जुन्या फाइली असल्यामुळे तो तयार नव्हता. शट डाऊन केलं की स्क्रीन काळी, पंखा चालू, आणि मागच्या बाजूला बघितलं तर वायफाय डोंगलची छोटी निळी लाईट लुकलुकतच होती, बाकी सगळं शांत. डोंगल काढला, चालू करून परत शट डाऊन केलं, काही सेकंदात बंद. डोंगलबरोबर आलेल्या सीडीतला जुना ड्रायव्हर होता, चिप बनवणाऱ्या कंपनीचा नवा टाकला आणि तोच डोंगल परत लावला, काम झालं. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला म्हणून ज्यांनी ११ वर अपग्रेड केलंय त्यांच्याकडे असे जुने ड्रायव्हर तसेच पुढे आलेले असतात, तेव्हापासून तक्रार सुरू झाली असेल तर पहिला संशय तिथेच घ्या.

ड्रायव्हर कुठून घ्यायचे तर लॅपटॉप असेल तर लॅपटॉपच्या कंपनीच्या सपोर्ट पेजवरून, तुमच्या मॉडेलचं नाव टाकून, डेस्कटॉप असेल तर मदरबोर्डच्या कंपनीच्या. चिपसेट, ग्राफिक्स, वायफाय, लॅन, आणि इंटेलची मशीन असेल तर मॅनेजमेंट इंजिनचा ड्रायव्हर, हा शेवटचा कोणी बघत नाही पण शट डाऊनला अडकणाऱ्या जुन्या लॅपटॉपमध्ये तो बदलून फरक पडतो. एका क्लिकमध्ये सगळे ड्रायव्हर अपडेट करतो म्हणणारी सॉफ्टवेअरं टाकू नका, कृपया, त्यांनी भलताच ड्रायव्हर बसवलेल्या मशिनी मी बघतो. उलट नव्या ड्रायव्हरनंतरच त्रास सुरू झाला असेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या डिव्हाइसच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन रोल बॅक करा, म्हणजे आधीचा ड्रायव्हर परत येतो. तिथेच पॉवर मॅनेजमेंटचा टॅब असतो, पॉवर वाचवायला कॉम्प्युटरने हे डिव्हाइस बंद करावं का अशी टिक असते, वायफाय आणि लॅनची ती टिक काढून बघा. झोपलेला कॉम्प्युटर आपोआप उठत असेल तर तिथलीच वेक द कॉम्प्युटरची टिक काढा. कोणी उठवला ते कळायला कमांड प्रॉम्प्टमध्ये (स्टार्टमध्ये शोधला की मिळणारी काळी खिडकी) पॉवरसीएफजी (पी ओ डब्ल्यू ई आर सी एफ जी), स्पेस, स्लॅश लास्टवेक असं टाइप करा.

फास्ट स्टार्टअप बंद करायचं तर कंट्रोल पॅनल, पॉवर ऑप्शन्स, डावीकडे चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू, मग वरची चेंज सेटिंग्जची निळी ओळ, आणि खाली टर्न ऑन फास्ट स्टार्टअपची टिक काढून सेव्ह. एसएसडी असेल तर चालू व्हायला काही सेकंदच जास्त लागतात, माझ्या मते घरच्या डेस्कटॉपला हे बंदच ठेवावं. ज्यांच्याकडे विंडोजबरोबर लिनक्स पण आहे त्यांनी तर नक्कीच, नाहीतर लिनक्समधून विंडोजच्या ड्राइव्हवर लिहिता येत नाही. टिकच दिसत नसेल तर बहुतेक हायबरनेट आधीच बंद आहे.

लॅपटॉपच्या स्लीपचं थोडं वेगळं. ॲडमिन कमांड प्रॉम्प्टमध्ये (त्यावर राइट क्लिक करून रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर) पॉवरसीएफजी, स्पेस, स्लॅश ए टाका. स्टँडबाय एस थ्री उपलब्ध दिसलं तर ती जुनी पद्धत, रॅम सोडून जवळजवळ सगळं बंद. एस झिरो लो पॉवर आयडल दिसलं तर तो नवा प्रकार, मोबाइलसारखा अर्धवट जागा राहतो, आणि असा लॅपटॉप झाकून बॅगेत घातला, मडगावहून पणजीला पोचेपर्यंत बॅग गरम आणि बॅटरी उतरलेली असं होऊ शकतं. तो क्रॅश नसतो, पण लोक क्रॅश म्हणूनच घेऊन येतात. ह्यावर सरळ उपाय म्हणजे झाकण बंद केलं की स्लीपऐवजी हायबरनेट करायचं, ते त्याच पॉवर ऑप्शन्समध्ये मिळतं. एस थ्रीवाला उठतच नसेल तर ग्राफिक्स ड्रायव्हर आणि मग बायोस अपडेट. बायोस अपडेट मात्र चार्जर लावून, बॅटरी भरलेली असताना, डेस्कटॉपला चालणाऱ्या यूपीएसवरच करा, गडगडाट चालू असताना तर अजिबात नको, मध्ये लाईट गेली तर बोर्डच बसतो.

एवढं करूनही होत असेल तर ॲडमिन कमांड प्रॉम्प्टमध्ये एसएफसी, स्पेस, स्लॅश स्कॅननाऊ चालवा, विंडोजच्या खराब फाइली दुरुस्त होतात. मग एमएसकॉन्फिगमध्ये सर्व्हिसेसच्या टॅबमध्ये हाइड ऑल मायक्रोसॉफ्टला टिक करून बाकीच्या बंद करा, तसं नीट बंद झालं तर अर्ध्या अर्ध्या चालू करत दोषी शोधा. कंटाळवाणं आहे पण सापडतो.

हार्डवेअर सगळ्यात शेवटी. आपल्या दमट हवेत रॅमच्या पट्टीवर आणि स्लॉटमध्ये काळपट थर चढतो, कॅबिनेट ओल आलेल्या भिंतीला टेकून असेल तर आणखी. मशीनची वायर भिंतीतून काढून, रॅम काढून सोनेरी पट्ट्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, वाळल्यावर बसवा. मग विंडोज मेमरी डायग्नोस्टिक चालवा. तारीख वेळ सारखी मागे जात असेल तर मदरबोर्डवरची सीआर २०३२ बटण बॅटरी बदला, ती बदलल्यावर बायोसची सेटिंग्ज परत एकदा बघून घ्या.

दुकानात न्यायची वेळ आलीच तर नुसतं बंद होत नाही एवढं सांगू नका. रीस्टार्ट होतो का, शिफ्टने होतो का, स्लीपला काय होतं, तो तुमचा कागद, निळ्या स्क्रीनचा फोटो आणि मशीनला काय काय जोडलेलं असतं त्याची यादी द्या, शक्य असेल तर संशयाचा डोंगल किंवा प्रिंटर बरोबरच घेऊन जा. आणि नेण्याआधी बॅकअप एक्स्टर्नल डिस्कवर घ्या, त्यात डेस्कटॉपवरच्या फाइली विसरू नका, कारण सगळं महत्त्वाचं लोक तिथेच ठेवतात.