रोमन हातआरसा घडवताना आणि ओळखताना या चुका टाळा

संग्रहालयात हिरवा, खरखरीत रोमन आरसा पाहून “यात चेहरा काय दिसणार!” असं ठरवून टाकणारे पुष्कळ. तो हिरवा थर गंजाचा आहे. मूळ तबकडी तांबं, कथिल आणि थोडं शिसं अशा मिश्रधातूची असायची. कथिल 25 टक्क्यांकडे गेलं की रंग चंदेरी होतो आणि घासून चकाकवल्यावर त्यात चेहरा स्वच्छ दिसतो. पूर्वी उत्तम आरसे इटलीतल्या ब्रुंदिसियम शहरात कथिल आणि तांब्याचे होत, आणि पुढे दासीसुद्धा चांदीचे आरसे वापरू लागल्या, असं रोमन लेखक प्लिनीनेच नोंदवलं आहे.

प्रतिकृती करणाऱ्यांची सगळ्यात मोठी चूक म्हणजे पितळेचा पत्रा कापायचा आणि बफवर, म्हणजे पॉलिशच्या फिरत्या चाकावर, चकाकवायचा. पितळ पिवळं दिसतं, त्यामुळे चेहराही पिवळा. बफचं चाक मऊ असतं, ते कडेला जास्त खातं आणि मध्ये लाटा सोडतं. खिडकीसमोर धरून पाहा: गज नागमोडी दिसले, तर ती नुसती चकाकी आहे. चकाकी आणि सपाटी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि घाई करणारे नेमकी दुसरी सोडतात.

ओताऱ्याकडून जास्त कथिलाच्या काशाची 12 सेंमीची, 3 मिमी जाडीची तबकडी ओतून घ्या. थंड झाल्यावर ती ठोकायची नाही, तडकेल. फरशीवर पडली तरी फुटेल. जाड काचेवर ओला पॉलिश पेपर ठेवून 400, 800, 1500, 2500 या क्रमाने घासा. नंबर बदलला की दिशा काटकोनात वळवा आणि आधीचे ओरखडे पूर्ण जाईपर्यंत पुढचा कागद काढू नका. 400 वरच सगळ्यात जास्त वेळ जातो आणि तो जाऊच द्यावा. शेवटी चामड्यावर लाल सोनारी पावडर. मूठ डाखायची ती या घासण्या-पॉलिशच्या आधी, कारण उष्णतेने पॉलिश काळवंडतं. मऊ डाख कमजोर असतो, म्हणून कितीतरी जुन्या तबकड्या मुठीशिवाय सापडतात.

काही आरशांवर कथिलाचा पातळ मुलामा असायचा, आपल्या कल्हईसारखा. अशा जुन्या वस्तूला चिंच-लिंबू लावलं की आरसाच पुसला जातो. फिकट हिरवी भुकटी दिसली तर हात न लावता कोरड्या जागी ठेवा आणि संवर्धकाला दाखवा.

कोरीव पुराणकथा आणि एट्रुस्कन अक्षरं असली की तो आरसा एट्रुस्कन, म्हणजे रोमनांआधीच्या इटलीतल्या लोकांचा. रोमन आरशाच्या पाठीवर बहुधा एकात एक वर्तुळं, कडेला भोकांची रांग, किंवा श्रीमंत नमुन्यात उठावाचं पदक: 1895 साली सापडलेल्या इटलीतल्या बोस्कोरियालेच्या चांदीच्या खजिन्यातल्या आरशावर ग्रीक पुराणकथेतली लेडा आणि हंस आहेत.

आता आपल्याकडची लाडकी चूक. इटलीतल्या पाँपेई या प्राचीन रोमन शहरात 1938 साली सापडलेली, सुमारे 24 सेंमी उंचीची हस्तिदंती भारतीय मूर्ती “आरशाची मूठ” म्हणून बिनधास्त छापली जाते. आधार एवढाच की डोक्यातून खाली उभं भोक आहे. त्या भोकात आरसा बसवला असेल, हा तर्क आहे, पुरावा नाही. फर्निचरचा पाय हाही तितकाच मांडला गेलेला तर्क आहे. दोन्ही बाजूंना दासी कोरलेल्या असल्याने पकडही नीट बसणार नाही. जालना जिल्ह्यातल्या भोकरदनला तशीच हस्तिदंती मूर्ती मिळाली, म्हणून हे प्रकरण आपल्या जिव्हाळ्याचं आहे आणि म्हणूनच ते जपून लिहायला हवं. पाँपेईच्या मूर्तीला “लक्ष्मी” म्हणण्याऐवजी यक्षी म्हणणं बरं.

मूठ दांड्याचीच हवी, हाही हट्ट नको. ब्रिटनमधल्या रॉक्सेटरच्या चांदीच्या आरशाचा व्यास सुमारे 29 सेंमी, आणि मूठ पाठीवरच गाठीसारखी विणलेली. चित्रात मालकिणीच्या हातात आरसा देण्याआधी जर्मनीतल्या नॉयमागेनचं शिल्प पाहा: ती वेताच्या खुर्चीत बसली आहे, एक दासी केस विंचरते आणि आरसा दुसरीच धरून उभी आहे.